ठोक्यांचा डॉक्टर व्हायचं असेल तर

छातीत अचानक धडधड सुरू होते. डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळतात, घरचे घाबरून गाडी काढतात. वळसंगहून सोलापूर वीस-बावीस किलोमीटर. अक्कलकोट रस्त्यानं कुंभारी मागे पडेपर्यंत धडधड आली तशी एकदम थांबते. दवाखान्यात ईसीजी निघतो, तो नॉर्मल. रक्त नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका. पेशंट बाई असेल तर "मनाला फार लावून घेता" हेही ऐकावं लागतं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

अशा अनेकांना खरोखरीचा आजार असतो, आणि तो औषधाच्या गोळ्यांशिवाय कायमचा बरा होऊ शकतो. हृदयाचे ठोके विजेच्या बारीक लहरीमुळे पडतात. ती लहर वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात एका ठरलेल्या वाटेनं उतरते. काहींच्या हृदयात जन्मतःच एक जास्तीची वाट असते. मग कधी तरी लहर एका वाटेनं खाली आणि दुसरीनं परत वर जाते आणि घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत राहते. ठोके मिनिटाला १८०-२०० वर जातात. मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेऊन ती जास्तीची वाट शोधायची आणि तारेच्या टोकाला उष्णता देऊन ती बंद करायची, याला अब्लेशन म्हणतात. नेहमी आढळणाऱ्या प्रकारात शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक पेशंटना त्यानं कायमचा आराम पडतो.

हे काम करणारा डॉक्टर म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, दवाखान्याच्या बोलीत 'ईपीवाले सर' किंवा 'ईपीवाल्या मॅडम'. अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर आता जिल्ह्याच्या गावी मिळतात. ठोक्यांचे डॉक्टर मात्र अजून बहुतेक मुंबई, पुणे, हैदराबाद, बेंगळुरू अशा शहरांतच सापडतात. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलामुलींनी या वाटेनं जावं असं मला मनापासून वाटतं. ही वाट नेमकी कशी आहे, ते दहावी-बारावीतल्या मुलांसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि सध्या एमबीबीएस करणाऱ्यांसाठी इथं लिहितो आहे.

आधी वर्षांचा हिशेब मांडू, म्हणजे कुणाचा गैरसमज राहणार नाही. बारावीनंतर एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक. मग एमडी मेडिसिन तीन वर्षं. त्यावर डीएम कार्डिऑलॉजी तीन वर्षं. त्यानंतर ईपीची फेलोशिप एक ते दोन वर्षं. हीच बेरीज साडेबारा ते साडेतेरा होते. मधल्या प्रवेशपरीक्षांसाठी गेलेली वर्षं आणि सरकारी बंधपत्राची सेवा धरली तर पंधरा-सोळाही होतात. म्हणजे अठराव्या वर्षी निघालेली मुलगी स्वतःच्या हातानं अब्लेशन करू लागते तेव्हा तिचं वय तेहतीस-चौतीस असतं.

हा आकडा ऐकून आईवडील गप्प होतात, आणि ते साहजिक आहे. पण या वाटेवरच्या प्रत्येक थांब्यावर उतरता येतं. एमबीबीएस झालेला डॉक्टर पूर्ण डॉक्टर असतो. एमडी मेडिसिन झालेल्याला तालुक्याच्या गावी मानानं आणि चांगल्या कमाईनं राहता येतं. म्हणून "माझी मुलगी हार्टस्पेशालिस्ट होणार" असं दहावीतच गावभर सांगू नका. आधी डॉक्टर व्हायचं एवढंच ठरवा. पुढचा थांबा आला की पुढचं ठरवता येतं. मुलाच्या पाठीवर पंधरा वर्षांचं ओझं एकदम टाकलं तर पहिल्याच परीक्षेत ते मूल वाकतं.

पहिली परीक्षा नीट. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, १८० प्रश्न, ७२० गुण. बारावीला हे तीन विषय मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात, पण खरी स्पर्धा नीटच्या गुणांवर असते. परीक्षा इंग्रजीशिवाय मराठी, हिंदी, कन्नड, उर्दू, तेलुगू धरून एकूण तेरा भाषांत देता येते. वळसंगच्या बाजूला घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही, असं सर्रास असतं. अशा मुलांनी हे ध्यानात ठेवावं की प्रादेशिक भाषेची प्रश्नपत्रिका त्या त्या राज्यातल्या केंद्रांवरच मिळते. कन्नड प्रश्नपत्रिका हवी तर केंद्र कर्नाटकात घ्यावं लागेल. माझं मत विचाराल तर मराठी माध्यमाच्या मुलानं अकरावीपासून शास्त्रीय शब्द इंग्रजीतून वाचायची सवय लावावी. पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतच आहे आणि पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राचा जाडजूड ग्रंथ समोर आला की भाषेची भीती आणि विषयाची भीती एकदम अंगावर येते.

सीमेजवळच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती अनेकांना उशिरा कळते. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्या कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्याच शाळा-कॉलेजातून पास असावी लागते. चांगलं कॉलेज म्हणून मुलाला अकरावीला विजयपूर किंवा कलबुर्गीला घातलं, किंवा कोचिंगच्या नादात राजस्थानातल्या कोटा शहरात बारावीचा फॉर्म भरला, तर घर वळसंगात असूनही राज्याच्या कोट्यातली जागा हातची जाऊ शकते. कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी भाषक मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, पण वळसंग महाराष्ट्रात असल्यानं ती आपल्याला लागू नाही. क्लास कुठंही लावा, प्रवेश आणि परीक्षा मात्र महाराष्ट्रातच ठेवा.

घराजवळ दोन महाविद्यालयं आहेत. सोलापुरात १९६३ साली सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याचं रुग्णालय आपण सगळे 'सिव्हिल' म्हणतो. आणि अक्कलकोट रस्त्यावरच कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, हे खासगी आहे. सरकारी आणि खासगी शुल्कात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ज्यांना घरची जमीन विकून खासगी जागा घ्यावी लागेल, त्यांना मी एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यायला सांगेन. पुढं एमडी आणि डीएमलाही खर्च येऊ शकतो, आणि कर्जाचं ओझं घेतलेला डॉक्टर तीन वर्षं शांतपणे शिकत बसू शकत नाही. त्याला लगेच कमवावं लागतं.

सोलापूरहून वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईला जाण्याची परंपरा जुनी आहे. सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातच शिकले, आणि १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेच कॉलेज आणि त्याला जोडलेलं केईएम रुग्णालय आज ठोक्यांच्या शास्त्रासाठीही नावाजलेलं आहे. आज महाराष्ट्रात ईपी करणाऱ्यांपैकी कित्येकांनी तिथंच पहिल्यांदा हृदयाच्या आतला ईसीजी पाहिला.

आता एमबीबीएसच्या मुलांशी बोलतो. ईपीची खरी सुरुवात तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात होते, आणि तिला कॅथलॅब लागत नाही, ईसीजीचा कागद पुरतो. हा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगानं सरकतो. त्यावरची एक छोटी चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. पुस्तकातल्या निवडक पट्ट्या पाहून ईसीजी येत नाही. वॉर्डातला रोजचा, कामाचा, घामानं इलेक्ट्रोड सुटलेला, थरथरणारा ईसीजी पाहावा लागतो. प्रत्येक पट्टीवर स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. पी लहर कुठं आहे? तिचं मागच्या उंच लहरीशी नातं काय? ठोका रुंद आहे की अरुंद? उत्तर लिहून ठेवायचं आणि मग सीनियरला विचारायचं. आधी विचारून मग पट्टी पाहणारा वर्षानुवर्षं तिथंच राहतो.

इंटर्नशिपमध्ये आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या सक्तीच्या सरकारी सेवेत तुम्ही एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात असाल. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांना ही सेवा करावी लागते, नाही केली तर एमबीबीएसला दहा लाखांचा दंड आहे. ते वर्ष वाया गेलं असं मानणारे पुष्कळ भेटतात. ठोक्यांच्या दृष्टीनं तेच सोन्याचं वर्ष आहे, कारण धडधड चालू असतानाचा पेशंट मोठ्या रुग्णालयात क्वचित पोचतो. तो तुमच्याकडेच येतो. त्या क्षणी बारा लीडचा ईसीजी काढून ठेवलात तर पुढच्या पाच वर्षांच्या तपासण्या वाचतात. पट्टीवर तारीख, वेळ आणि पेशंटचं नाव लिहा, एक प्रत पेशंटच्या हातात द्या आणि सांगा, हा कागद हरवू नका.

त्याच पेशंटवर करता येणारी एक साधी गोष्ट सांगतो. रक्तदाब ठीक असेल आणि ईसीजीत अरुंद, जलद ठोके दिसत असतील, तर पेशंटला निम्मं बसवून दहा मिलिच्या सिरिंजच्या तोंडात फुंकायला सांगायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरानं, पंधरा सेकंद. मग लगेच आडवं करून दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांत पंधरा सेकंद उचलून धरायचे. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासात या पद्धतीनं ४३ टक्के पेशंटचे ठोके जागेवर आले, नुसत्या जुन्या पद्धतीनं १७ टक्क्यांचे आले. सिरिंज प्रत्येक आरोग्य केंद्रात असते. एवढ्यानं थांबलं नाही, तर अ‍ॅडिनोसिनचं इंजेक्शन डिफिब्रिलेटर आणि जाणता सीनियर जवळ असतानाच द्यावं. ते दिल्यावर पट्टीवर दोन-तीन सेकंद सरळ रेष येते आणि मग ठोका परततो. ती रेष पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टराचा स्वतःचा श्वासही अडकतो. ज्याला त्या क्षणी भीतीबरोबर कुतूहलही वाटतं, त्यानं पुढं ईपीचा विचार करावा.

एमडीसाठी नीट-पीजी. जनरल मेडिसिन घ्यावं. बालरोगशास्त्रातूनही डीएम कार्डिऑलॉजीला जाता येतं, आणि लहान मुलांच्या ठोक्यांचे डॉक्टर तर आणखी कमी आहेत. एमडीचं कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. आयसीयू किती खाटांचा, रात्री ईसीजी रेसिडेंट वाचतो की बाहेरून रिपोर्ट येतो, हृदयविभाग शेजारी आहे का, हे तिथल्या रेसिडेंटला चहाला नेऊन विचारा. प्रॉस्पेक्टसमध्ये हे कुठं छापलेलं नसतं.

नंतर नीट-एसएस आणि डीएम, किंवा नॅशनल बोर्डाची डीआरएनबी. महाराष्ट्रात केईएम, जेजे, सायन, नायर आणि नागपूरचं सुपरस्पेशालिटी रुग्णालय इथं डीएम कार्डिऑलॉजी होते, राज्याबाहेरही चांगली केंद्रं आहेत. ही तीन वर्षं बहुतेक वेळ अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, इको आणि हार्ट अटॅकच्या रात्री यांत जातात. ईपी त्यात कोपऱ्यात असतं. ज्याला ठोक्यांची ओढ आहे त्यानं त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं असतं. पेसमेकर बसवताना दुसरा सहायक व्हा. पेसमेकरच्या ओपीडीत बसा, मशीनच्या प्रोग्रॅमरवर हात बसवून घ्या. अँजिओप्लास्टीचं काम झटपट दिसतं, पैसाही लवकर येतो, त्यामुळे याच वर्षांत कित्येक हुशार मुलं ईपीकडून वळतात. वळणाऱ्यांना मी दोष देणार नाही. वळण्याआधी निदान दोन-चार अब्लेशन शेवटपर्यंत पाहा, एवढंच म्हणेन.

कारण ईपीच्या खोलीतलं काम दुरून कंटाळवाणं वाटतं आणि जवळून पाहिलं की वेड लावतं. पेशंट जागा असतो. मांडीच्या शिरेतून तीन-चार तारा आत गेलेल्या असतात. एकीचं टोक उजव्या वरच्या कप्प्यात, एक खालच्या कप्प्यात, एक हृदयाच्या मागच्या शिरेत, आणि एक अशा जागी टेकवलेली, जिथं दोन मोठ्या लहरींच्या मध्ये सुईच्या टोकाएवढी बारीक लहर दिसते. ती 'हिस'ची लहर. विल्हेल्म हिस यांनी ती वाट १८९३ मध्ये शोधली, आणि तारेनं माणसात तिची नोंद करण्याची पद्धत बेंजामिन शेरलाग यांनी १९६९ साली मांडली. शिकाऊ डॉक्टर स्टिम्युलेटरपाशी बसतो. ६०० मिलिसेकंदांच्या अंतरानं आठ ठोके द्यायचे, नववा जरा लवकर. मग पुन्हा आठ, आणि नववा आणखी दहा मिलिसेकंद लवकर. पुन्हा. पुन्हा. सर काही बोलत नाहीत, सगळे पडद्याकडे पाहत असतात. आणि एका खेपेला, नुसते दहा मिलिसेकंद कमी केल्यावर, वरच्या कप्प्याची लहर आणि हिसची लहर यांच्यातलं अंतर एकदम पन्नास मिलिसेकंदांहून जास्त वाढतं. जलद वाट थकली, लहर संथ वाटेनं उतरली. म्हणजे वाटा दोन आहेत. पुढच्या क्षणी पेशंट म्हणतो, "डॉक्टर, हेच होतं मला." वर्षानुवर्षं "काही नाही" म्हणून परत पाठवलेल्या माणसाला तिथं पहिल्यांदा कळतं की त्याला काही तरी होतं.

मग संथ वाटेवर तारेचं टोक ठेवून रेडिओलहरींची उष्णता द्यायची. टोक चार मिलिमीटरचं. हृदयाची मूळ वाट काही मिलिमीटरवर असते. उष्णता देताना पडद्यावर मधूनच खालून उगवणारे ठोके दिसू लागले की जागा बरोबर आहे. पण त्या ठोक्यांचं वरच्या कप्प्याशी नातं तुटताना दिसलं तर त्याच क्षणी पाय पेडलवरून काढायचा, नाही तर चांगल्या माणसाला जन्मभराचा पेसमेकर लागेल. असं शंभरात एखाद्यापेक्षाही कमी वेळा होतं, पण ते होऊ नये यासाठी नजर न हलवता बसायची सवय लागते. हाताच्या कौशल्याइतकंच हे डोकं थंड ठेवण्याचं काम आहे. ज्याला गणितातलं कोडं सुटेपर्यंत जेवायला उठवत नाही, अशा मुलाला हे मानवतं. ज्याला दर अर्ध्या तासाला निकाल हवा असतो, त्याला जड जातं.

फेलोशिपसाठी मुंबईत डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ मुलं तयार केली आहेत. राज्याबाहेर तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, वेल्लोरचं सीएमसी, बेंगळुरूचं जयदेव. परदेशाचीही वाट आहे. डॉ. आशिष नाबर यांनी नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला हाइन वेलेन्स यांच्या गटात काम केलं, १९९९ साली वरच्या कप्प्याच्या फ्लटरवरील त्यांचा शोधनिबंध 'सर्क्युलेशन'मध्ये आला, आणि ते मुंबईला परतून काम करू लागले. अमेरिकेत मेडिसिन तीन, कार्डिऑलॉजी तीन आणि ईपी दोन वर्षं असा क्रम असतो, पण तिथं पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. फेलोशिप घेताना एकच प्रश्न विचारा: वर्षभरात मुख्य हात माझा किती केसेसमध्ये असेल? नुसतं पाहण्यासाठी वर्ष घालवू नका.

मुलींच्या आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो: लग्न, मूल, एक्स-रेची खोली. शिशाचा एप्रन जड असतो आणि वर्षानुवर्षं घालून कंबर-मान दुखते, हे खरं आहे, पुरुषांचंही तेच होतं. पण त्रिमितीय नकाशा काढणाऱ्या यंत्रांमुळे आता अनेक अब्लेशन अगदी कमी किंवा शून्य एक्स-रेवर होतात, आणि हा बदल ईपीत अँजिओप्लास्टीपेक्षा फार पुढं गेला आहे. गरोदरपणात डोसिमीटर पोटाशी लावून, वेळापत्रक बदलून काम करणाऱ्या डॉक्टर आहेत. हार्ट अटॅकसारख्या रात्रीच्या धावपळीही ईपीत कमी. हृदयरोगाच्या साऱ्या शाखांत मुलींना ही सोयीची जावी, असं मला वाटतं.

आता कळीचा प्रश्न. एवढं शिकून सोलापूरला यायचं कसं? अब्लेशनची पूर्ण यंत्रणा महाग आहे, आणि नुसत्या तिच्या भरवशावर जिल्ह्याच्या गावी पहिल्या दिवसापासून संसार चालणार नाही. पण ठोक्यांच्या डॉक्टरचं निम्मं काम पेसमेकरचं असतं, आणि त्याला आहे ती कॅथलॅब चालते. मंद ठोक्यांमुळे चक्कर येऊन पडणारे म्हातारे आजी-आजोबा प्रत्येक गावात आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे. ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावानं जुलै २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. म्हणजे पेशंट आहेत आणि पैसे भरायची सोयही काही प्रमाणात आहे.

आणि पेसमेकर म्हणजे दुय्यम काम, असं मुळीच समजू नका. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना पहिला पेसमेकर बसवला. पुढं कित्येक वर्षं तार खालच्या कप्प्याच्या टोकाला अडकवायची हीच रीत होती. त्यानं ठोका पडतो, पण हृदय वाकडंतिकडं आकुंचन पावतं आणि काहींचं हृदय थकत जातं. तार थेट हिसच्या वाटेवरच बसवली तर? माणसात हे कायमस्वरूपी करून दाखवणारा पहिला शोधनिबंध २०००च्या 'सर्क्युलेशन'मध्ये आला, आणि त्याचे पहिले लेखक होते डॉ. प्रमोद देशमुख. जागा होती अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातलं सेअर नावाचं छोटंसं गाव. आज जगभर जो 'कंडक्शन सिस्टिम पेसिंग'चा बोलबाला आहे, त्याची ही सुरुवात. आपल्या आडनावाच्या डॉक्टरनं आडगावच्या रुग्णालयात हे केलं, म्हणून मला सोलापूरसाठी आशा वाटते. अशी तार बसवायला हिसची ती बारीक लहर ओळखता आली पाहिजे, आणि ते ईपी शिकलेल्यालाच नीट जमतं.

परतणाऱ्यानं सुरुवातीची चार-पाच वर्षं अशी आखावी. सोलापुरात पेसमेकर आणि ठोक्यांची ओपीडी. महिन्यातून काही दिवस पुण्याला किंवा हैदराबादला आपल्या गुरूंच्या लॅबमध्ये, आपलेच पेशंट घेऊन अब्लेशन. अक्कलकोट, दुधनी बाजूचे पेशंट आजही कलबुर्गीच्या जयदेवकडे जातात, ते भाषेमुळे आणि जवळ पडतं म्हणून. वळसंगच्या डॉक्टरला मराठी आणि कन्नड दोन्ही येत असेल तर तो पेशंट वाटेतच थांबेल. संधिवाताच्या तापानं झडप आकसलेल्या आणि ठोके बेताल झालेल्या बायका आपल्याकडे अजून आहेत. त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी आणि त्यासाठी नियमित आयएनआरची तपासणी लागते. त्यांची नीट यादी ठेवून दर महिन्याला तपासणीची आठवण करून देणारा डॉक्टर कित्येक अर्धांगवायू टाळू शकतो. यालाही ईपीच म्हणतात.

ज्यांना नीटचे गुण कमी पडले, पण हेच क्षेत्र आवडतं, त्यांच्यासाठी बारावी सायन्सनंतर बीपीएमटी आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा पदवी अभ्यासक्रम, तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यातून कार्डिऑलॉजीचा तंत्रज्ञ होता येतं. ईपी लॅबमध्ये नकाशाच्या यंत्रापाशी बसणारा तंत्रज्ञ डॉक्टरइतकाच एकटक पाहत असतो, आणि चांगल्या तंत्रज्ञाला मोठ्या शहरात नोकरी लवकर मिळते. बायोमेडिकल इंजिनिअर पेसमेकर बनवणाऱ्या कंपन्यांत जातात आणि ऑपरेशनच्या वेळी प्रोग्रॅमर घेऊन उभे राहतात. डॉक्टर आणि तंत्रज्ञ दोघांनाही देता येईल अशी आंतरराष्ट्रीय परीक्षा आयबीएचआरई घेते. २०२१च्या केंद्रीय कायद्यानंतर या अभ्यासक्रमांचे प्रवेशाचे नियम बदलत आहेत, तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहा.

दहावीचा निकाल लागला की आईवडिलांनी एक काम लगेच हाती घ्यावं. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेयर. वैधता प्रमाणपत्राला महिनोन्महिने लागतात, आणि आजोबांच्या शाळेचा दाखला जुन्या हैदराबाद किंवा मुंबई राज्यातल्या गावचा, कधी कन्नड किंवा मोडीतला निघाला तर आणखी वेळ जातो. नीटचे गुण हातात असताना दाखल्यासाठी जागा गेलेली मुलं दरवर्षी असतात. अकरावीच्या पहिल्याच सहामाहीत सेतू केंद्रात जाऊन अर्ज भरा, पोचपावती जपून ठेवा आणि सगळ्या दाखल्यांवर मुलाचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, काना-मात्रेसकट, आहे का ते तपासा.